सुंदरबाईची हळद, माझी परीक्षानळी

मी एकतीस वर्षं धुळ्याच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतो. एवढं सांगून मी गप्प बसतो. पुढचं ऐकणाऱ्यानं आपापलं समजून घ्यावं. निवृत्त होऊन वरणगावला आलो तेव्हा गल्लीनं ते फारच चांगलं समजून घेतलं आणि मला 'सर' म्हणायला सुरुवात केली. खरं म्हणजे मी तिथं परीक्षानळ्या धुवायचो, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचो आणि पोरांनी सांडलेलं पुसायचो. पण कुणी खोदून विचारलं नाही, आणि मी कशाला सांगायला जातो? फुकट मिळालेला मान कुणी परत केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

वरणगावला आलो ते मुलामुळे. भूपेंद्रला इथल्या फॅक्टरीत नोकरी लागली, क्वार्टर मिळालं नाही म्हणून त्यानं गावात घर घेतलं आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं. माझं बरं चाललं होतं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पारावर बसून जगाच्या चुका काढणं. पंचाईत झाली ती सुंदरबाईची, म्हणजे माझ्या बायकोची. ती साक्रीकडची. तिची अहिराणी ऐकून इथल्या बायका आधी गमतीनं बघायच्या. अडतीस वर्षं धुळ्यात काढलेल्या बाईला इथं शेजारीण मिळायला सहा महिने लागले. ती मिळाली शेजारच्या घरात, लताबाईच्या रूपानं, आणि दोघींचं जमलं ते केळीवर.

लताबाईच्या घरची केळीची बाग आहे. घडातल्या काही फण्या व्यापारी बाजूला काढतो, वाकड्या म्हणून, बारीक म्हणून. त्या कच्च्या फण्या घरी येऊन पडायच्या. सुंदरबाईला काही पडून राहिलेलं बघवत नाही, त्यात मीही आलो. तिनं एके दिवशी त्या केळ्यांचे वेफर्स तळले, लताबाईनं ते फॅक्टरीतल्या बायकांना दिले आणि आठ दिवसांत मागणी आली. दोन वर्षांत आमच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली मोठी कढई लागली, दोन शेगड्या आल्या, आणि माझी दुपारची झोप गेली.

तिची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाजारात वेफर्स पिवळेधमक करायचे सोपे मार्ग आहेत. सुंदरबाईचा मार्ग अवघड. ती हळकुंडं स्वतः निवडून आणते, गिरणीत आपल्यासमोर दळून घेते, आदल्या दिवशी कोमट पाण्यात भिजवते आणि ते पाणी मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळते, म्हणजे गाळ तेलात जाऊन जळत नाही. त्यात मीठ विरघळवते. केळी सोलून थेट कढईवर किसणीनं पाडायची, चकत्या अर्ध्या तळल्या गेल्या की एक पळी हळदीचं पाणी तेलात सोडायचं आणि दोन पावलं मागं सरायचं. तेल असं गरजतं की पहिल्यांदा मी घराबाहेर पळालो होतो. तो आवाज बसला की घाणा झाला. उपासाचे वेफर्स ती वेगळ्या कढईत पांढरेच तळते, कारण आमच्याकडे उपासाला हळद चालत नाही.

मला स्वतःला हे वेफर्स फार आवडतात, पण मी तसं कधी तिला सांगितलं नाही. मीठ जरा जास्त झालं असेल तर मात्र लगेच सांगायचो.

या वर्षी राखीपौर्णिमा झाली आणि जळगावच्या शांतीलाल शेठचा निरोप आला. शेठची जळगावात फरसाणाची दोन दुकानं, धुळ्यात एक. घराणं जैन, गिऱ्हाईकही बरंचसं जैन. त्यांना बटाटा चालत नाही, तेव्हा केळीचे वेफर्स त्यांच्याकडे बारा महिने लागतात. शेठची सून प्रियल फॅक्टरीतल्या कुणाच्या तरी घरी आली होती, तिथं तिनं सुंदरबाईचा माल खाल्ला आणि सासऱ्यांना सांगितलं. निरोप असा होता की दिवाळीपासून तिन्ही दुकानांचा सगळा माल तुमच्याकडूनच घेऊ, पाकिटावर तुमचं नाव छापू, फक्त एकदा येऊन बघू.

सुंदरबाईनं तो निरोप तीनदा माझ्याकडून वाचून घेतला. चौथ्यांदा मी कंटाळलो तर लताबाईकडून वाचून घेतला. तिला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. बाहेरच्या गावची, वेगळं बोलणारी म्हणून जिला सहा महिने कुणी विचारलं नाही, तिचं नाव जळगावच्या दुकानात लागणार होतं. त्या आठवड्यात ती रोज पहाटेच उठायची आणि अंगण झाडून घ्यायची, जणू शेठ पहाटेच येणार होते.

शेठनी आधी नमुना म्हणून एक पाकीट पाठवलं होतं. ते तेव्हा ज्या कुणाकडून माल घेत होते त्याचं. सोबत निरोप, रंग असा पाहिजे, गिऱ्हाइकाला सवय झाली आहे. पाकीट फोडलं आणि मी थक्कच झालो. झेंडूच्या फुलांची रास ओतावी तसा पिवळा. सुंदरबाईच्या चकत्या त्याच्या शेजारी ठेवल्या तर आजारी दिसत होत्या.

मग महिनाभर अंगणात नुसते प्रयोग. सुंदरबाईनं हळद वाढवली, वेफर्स कडू झाले. तेलाची आच कमी केली, चकत्या तेलकट राहिल्या. आच वाढवली, हळद काळपट झाली. मी बाजूला खुर्ची टाकून सल्ले द्यायचो. मी म्हटलं, बाजारात खायचा रंग मिळतो, चिमूटभर टाकून मोकळी हो, शेठला हवं तेच दे. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हयद जास्ती व्हयनी का कडू व्हस," ती म्हणाली. "खानारनं तोंड कडू करीसन रंग दखाडाना काय? आनि दुसरं काही टाकाना नही. जसा शे तसा शे."

शेवटी तिनं प्रमाण होतं तिथंच आणून ठेवलं आणि ठरवलं की शेठला हेच दाखवायचं, घेतला तर घेतला. हे म्हणताना तिचा आवाज काही ठाम नव्हता. रात्री ती मला न विचारता स्वतःशीच म्हणाली, घेतील ना. मी झोपेचं सोंग घेतलं, कारण मला खात्री होती की घेणार नाहीत.

शेठ आणि प्रियल एका रविवारी दुपारी आले. शेठ साठीचे, पांढरा झब्बा, बोलणं मोजकं. प्रियल मात्र आल्या आल्या कढईपाशी जाऊन उभी राहिली आणि लताबाईला विचारायला लागली, किसणी कुठली, तेल किती वेळा वापरता, पाणी कुठलं. गल्लीतल्या सात-आठ बायका काहीतरी मागायचं निमित्त काढून अंगणात आल्या होत्या आणि कुणीच काही मागत नव्हतं.

शेठनी एक चकती खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि तिसरी खाल्ली तेव्हा मला कळलं की चव पास झाली. मग त्यांनी चकती उजेडात धरली आणि विचारलं, रंग कशाचा? सुंदरबाईनं सांगितलं, हळद. शेठ हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. म्हणाले, "बाई, सगळे हळदच सांगतात. आमचा आताचा माणूसही हळदच सांगतो."

इथं मी मध्ये पडलो. कुणी बोलावलं नव्हतं. पण गल्लीसमोर आपल्या बायकोच्या शब्दाला कुणी हसावं आणि आपण 'सर' असून गप्प बसावं, हे मला सोसलं नाही. मी म्हटलं, "शेठ, हसायचं काम नाही. मी आत्ता सिद्ध करून दाखवतो. शास्त्रानं."

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजनं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. त्याशिवाय मोडीत निघालेल्या सामानातून मी स्वतः थोडं आणलं होतं, सहा परीक्षानळ्या, लाकडी स्टँड आणि जाड काचेची एक अ‍ॅसिडची बाटली, घरच्या फरशा घासायला उपयोगी पडेल म्हणून. ते सगळं मी माळ्यावरून काढलं. सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं. चकत्या वाटीत चुरल्या, त्यावर दुखापतीला लावायचं स्पिरिट ओतलं, रंग स्पिरिटात उतरला तशी पिवळी निवळी नळीत घेतली. हात अगदी सराईत चालले होते. बायका टक लावून बघत होत्या. मी समजावूनही सांगत होतो, घसा साफ करून, एकेक शब्द सावकाश. कापड रंगवायचा एक स्वस्त पिवळा रंग असतो, मेटॅनिल यलो म्हणतात त्याला, खाण्यात घालायला बंदी आहे, तरी काही लोक घालतात. अ‍ॅसिड टाकलं की भेसळीचं गुलाबी होतं. आता ही शुद्ध हळद, हिला काहीही होणार नाही, पिवळीची पिवळी राहील, बघा.

मी अ‍ॅसिडचे थेंब सोडले आणि नळी गुलाबी झाली.

फिक्कट वगैरे नाही. चांगली गडद गुलाबी. माझ्या हातात ती नळी, तशीच वर धरलेली. कढईतलं तेल तेवढं चुरचुरत होतं. लताबाईनं पदराचं टोक तोंडाला लावलं. प्रियलनं सासऱ्यांकडे पाहिलं. शेठनी हातातली चकती अलगद परातीत ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि ते फार वाईट होतं.

आता मी जे केलं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. मी नळीकडे पाहिलं, मग सुंदरबाईकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "सुंदर, काय टाकलंस यात?"

चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला मी हे विचारलं. जी स्वतःच्या पोराला कडू औषधसुद्धा गोड आहे म्हणून पाजत नसे, तिला. महिनाभर मी स्वतःच म्हणत होतो, चिमूटभर रंग टाक. मला वाटलं, टाकला असेल. घेतील ना म्हणत होती, घाबरून टाकला असेल. क्षणभर मला खरंच तसं वाटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुकानदारानं वजनात मारल्यावर त्याच्याकडे बघावं तसं. मग म्हणाली, "मी हयद टाकी. दुसरं काही नही."

शेठ उठायला लागले. सभ्य माणूस, म्हणाले, असू द्या, कळवतो. आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे काय ते पोरालाही कळतं.

तेवढ्यात सुंदरबाई पुढं आली. पदर खोचला आणि माझ्या हातातली नळी निरखून पाहिली. बराच वेळ पाहिली. आणि तिचा चेहरा बदलला. कपाळावरची आठी सुटली.

"बसा शेठ," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "भूपेंद्रना बाप, तुम्ही अर्धामाच थांबनात. आते पानी वता."

मी विचारलं, पाणी कशाला? तेव्हा ती माझ्याशी नाही, जमलेल्या बायकांशी बोलली.

"लग्नघरमा हयदना डाग धोतस तव्हय काय व्हस? साबू लागना का डाग लाल व्हस. नवी पोर घाबरी जास, लुगडं बिघडनं म्हनस. मंग पानी टाकं का परत पिवया. बठ्ठ्या बायास्ले हाई माहीत शे."

हे सगळ्याच बायांना माहीत, तशी त्यांच्यात हालचाल झाली. खरंच की, एकजण म्हणाली, माझ्या जावेच्या शालूला झालं होतं. दुसरी म्हणाली, साबण आणि अ‍ॅसिड एक का? सुंदरबाई म्हणाली, एक नही, पण हयद तर एकच शे ना, तिना सभाव मी वयखस. तिचा स्वभाव मी ओळखते.

ती नळीतच पाणी ओतायला निघाली तेव्हा माझा हात आपोआप पुढं गेला. एवढं मात्र एकतीस वर्षांत अंगात मुरलेलं होतं, अ‍ॅसिडवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात अ‍ॅसिड सोडायचं. मी काचेचा ग्लास पाण्यानं भरून घेतला आणि नळी हळूहळू त्यात रिकामी केली.

गुलाबी रंग पाण्यात उतरला, एकदा फिरला आणि गेला. कुठं गेला ते कळलंही नाही. ग्लासात फिक्कट पिवळं पाणी राहिलं, आजारी माणसाला देतात त्या हळदीच्या पाण्यासारखं. लताबाई पहिल्यांदा हसली, मग सगळ्याच.

शेठ बसले होते तिथून पुढं सरकले. ग्लास हातात घेतला, उजेडात धरला. मग अगदी योग्य प्रश्न विचारला. म्हणाले, "सर, गुलाबी झालं म्हणजे भेसळ, हे तुम्हीच म्हणालात. आता पाण्यानं गेलं. मग दोन्हींतलं खरं कोणतं?"

आणि मला ते सगळं एका दमात आठवलं. दर वर्षी प्रात्यक्षिकाच्या दिवशी सर मंडळी अ‍ॅसिड टाकून दाखवायची, गुलाबी झालं की पोरं वह्यांत लिहायला खाली बघायची, आणि सर म्हणायचे, आता पाणी घाला, हळदीचा गुलाबी जातो, मेटॅनिलचा राहतो. पण मी तोपर्यंत पहिल्या बाकावरच्या नळ्या गोळा करून बेसिनवर पोचलेलो असायचो. नळ मी उघडलेला, सरांचं वाक्य पाण्याच्या आवाजात अर्धवट कानावर पडायचं. माझ्याच हातात काही नळ्या पहिल्या धारेतच पिवळ्या व्हायच्या आणि काही घासून घासून गुलाबी राहायच्या. मी म्हणायचो, ही मेली चिवट आहे. एकतीस वर्षं उत्तर माझ्या बोटांवरून बेसिनमध्ये वाहून गेलं आणि मी त्याला डाग समजत राहिलो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होतात म्हणतात, ते मी.

मी म्हटलं, "शेठ, मी सर नाही. मी नळ्या धुवायचो. पाण्यानंतर जे दिसतं ते खरं. हळदीचा गुलाबी पाण्यात टिकत नाही. कपड्याच्या रंगाचा टिकतो."

अंगणात कुणी हसलं नाही, हे मी गल्लीच्या नावावर जमा करून ठेवलं आहे. पण शेठ व्यापारी माणूस. ते म्हणाले, टिकतो म्हणता ते तरी कशावरून? टिकलेला कुठं दाखवलात?

प्रियल गाडीकडे गेली आणि डिकीतून एक पाकीट घेऊन आली. तेच झेंडूच्या पिवळ्याचं, शेठच्या स्वतःच्या दुकानातलं. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं पाकीट फोडून माझ्यासमोर धरलं. म्हणाली, "पप्पा, आपण विकतो तेही बघू या."

मी नवी वाटी घेतली, नवी नळी घेतली. या वेळी एक शब्दही बोललो नाही. चुरलं, स्पिरिट, निवळी, अ‍ॅसिड. गुलाबी झालं, त्यात जांभळी झाक. ग्लासात पाणी भरलं आणि नळी सोडली. सगळ्या बायका पुढं झुकल्या होत्या, शेठही. रंग पाण्यात फिरला, पसरला आणि राहिला. मी आणखी पाणी घातलं. राहिला. दुसऱ्या मोठ्या ग्लासात ओतून तोही काठोकाठ भरला. गुलाबीच.

सुंदरबाईचा पिवळा ग्लास आणि तो गुलाबी ग्लास शेजारी शेजारी ठेवले होते. कुणाला काही समजावून सांगायची गरज राहिली नव्हती.

शेठनी तो गुलाबी ग्लास स्वतःकडे ओढून घेतला. त्यांच्या घरात कांदा-बटाटा येत नाही, पाणी गाळून पितात, आणि त्यांच्या दुकानात नातवंडांच्या वयाची पोरं हे खात होती. त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला त्यांचं वाईट वाटलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोरच दुकानावर लावला. तो माल आत्ता फळीवरून काढा, तिन्ही दुकानांतून, एकही पाकीट विकू नका, आणि थोडा बांधून ठेवा, तपासायला पाठवायचा आहे. इतकंच बोलले. फोन ठेवून सुंदरबाईला म्हणाले की तुमचाही माल प्रयोगशाळेत जाईल, कागद येऊ द्या, तो आला की दिवाळीचा सगळा माल तुमचा.

"आणि रंग?" सुंदरबाईनं विचारलं. या वेळी तिचा आवाज ठाम होता. "रंग हाऊच राही. यानाथीन जास्ती पिवया मी करसू नही."

शेठ म्हणाले, "हाच राहू द्या. गिऱ्हाइकाची सवय मी मोडतो."

निघताना त्यांनी एक शेवटचा प्रश्न विचारला, आणि विचारताना त्यांची नजर माझ्याकडे होती. माल दर आठवड्याला जाणार, दर वेळी शुद्ध आहे याची खात्री कोण देणार? मी तोंड उघडलं, सवयच ती. पण सुंदरबाई आधी बोलली.

"खात्री मी देसू, शेठ. नळी त्यास्ले धोवू द्या."

तेव्हा मात्र सगळं अंगण हसलं, शेठसुद्धा. मीही नळ्या उचलून मोरीकडे गेलो. तिची नळी पहिल्या धारेत स्वच्छ झाली. दुसरी मी बराच वेळ घासत बसलो.

इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं, पण माझ्या मनात ते 'काय टाकलंस' अडकून बसलं होतं. सुंदरबाई माझ्याशी बोलत होती, जेवायला वाढत होती, मीठ जास्त झालं का विचारतही होती. पण त्या बघण्यातलं काहीतरी अजून तिच्या डोळ्यांत होतं आणि मी समोर आलो की ती दुसरीकडे बघायची. माफी मागायची मला सवय नाही. आमच्या पिढीत पुरुषांनी ती कुणाकडे मागायची असते हेच कुणी शिकवलं नव्हतं. रोज सकाळी वाटायचं आज बोलू, आणि रोज मी पेपर वाचायचो.

बारा दिवसांनी कागद आला. प्रियलनं फोन करून वाचून दाखवला. सुंदरबाईच्या मालात हळदीशिवाय कोणताही रंग नाही. त्या दुसऱ्या पाकिटाचाही कागद आला होता, त्याच्याबद्दल ती एवढंच म्हणाली की पप्पांनी तो माणूस सोडला आणि कागद पुढं जिथं द्यायचा तिथं दिला. सुंदरबाईनं फोन ठेवला, लताबाईला हाक मारली आणि दोघी अंगणात नुसत्याच उभ्या राहिल्या. मग एकदम दोघींनी पदर खोचले, कारण दिवाळीला अठरा दिवस राहिले होते आणि केळीच्या फण्या ओट्यावर येऊन पडल्या होत्या.

त्या अठरा दिवसांत मी जितकी केळी सोलली तितकी आयुष्यात खाल्ली नसतील. बोटं चिकानं काळी पडली. गल्लीतल्या आणखी चार बायका कामाला आल्या. सुंदरबाईनं हळदीचं पाणी मात्र कुणाच्या हाती दिलं नाही, पळी तिचीच, दोन पावलं मागं सरणंही तिचंच. आता तेल गरजलं की नव्या बायका किंचाळायच्या आणि ती हसायची.

पहिली गाडी निघायची तो दिवस वसुबारसेचा होता. छापलेली पाकिटं जळगावहून आली होती. मागच्या बाजूला साहित्य लिहिलं होतं, कच्ची केळी, शेंगदाण्याचं तेल, मीठ, आणि खाली वेगळ्या ओळीत 'रंग: फक्त हळद'. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'सुंदरबाई' आणि त्याखाली 'वरणगाव'. साक्रीकडची बाई, आणि नावाखाली वरणगाव. लताबाई ते पाकीट घेऊन घरोघर फिरून आली. भूपेंद्रनं फॅक्टरीतून अर्धी रजा टाकली होती. खोकी गाडीत चढली, गल्लीतल्या बायकांनी सुंदरबाईला ओवाळलं, प्रियलनं तिच्या पाया पडून तिला पेढा भरवला, आणि कुणीतरी म्हणालं, आता सरांनी दोन शब्द बोलावेत. मी काय होतो ते आता सगळ्यांना माहीत होतं, तरी सर म्हणायची सवय त्यांना सुटत नव्हती.

मी उभा राहिलो. समोर ती होती, कपाळावर कुंकू, हातात पेढ्याचा उरलेला तुकडा, आणि महिनाभरात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती. माझे दोन शब्द मी मनात जुळवले होते ते सगळे गेले.

मी म्हटलं, "सुंदर, त्या दिवशी माझं चुकलं. याच अंगणात, यांच्याच समोर चुकलं, म्हणून यांच्यासमोर सांगतो. मी नळीवर विश्वास ठेवला, तुझ्यावर ठेवला नाही."

भूपेंद्र खाली बघायला लागला, बापाला असं बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. सुंदरबाईनं पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि पदराला हात पुसले.

"मन्हावर नही ते नही," ती म्हणाली, "हयदवर तरी ठेवाले पाहिजे व्हता. लग्नमा तुम्हले तीच लायेल व्हती."

सगळी गल्ली हसली. लताबाईला तर भिंतीला धरून बसावं लागलं. मीही हसलो, डोळे पुसत हसलो, आणि सुंदरबाई माझ्याकडे बघतच राहिली, नजर न वळवता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाडी गल्लीतून वळून जळगावच्या रस्त्याला लागली, आणि ती मला म्हणाली, चला, सोलायला घ्या, संध्याकाळच्या आत दोन घाणे काढायचे आहेत.